न काळवंडणारं घंगाळ

दार लोटून घे आधी, मग काय विचारायचं ते विचार. — लिंबू आहे हे, अर्धं. आणि ह्या डबीत मीठ. अगं अशी काय बघतेस अंतरा, चोरी करताना नाही पकडलंयस तू मला, घंगाळ घासताना पकडलंयस — आणि घंगाळ माझंच आहे. होतं. आईने लग्नात दिलेलं. हो, माहितीये, दोरीच्या आत यायचं नाही, वस्तूला हात लावायचा नाही — ती पाटी ठोकली तेव्हा खिळ्यांची डबी माझ्याच हातात होती. दर गुरुवारी ह्या जुन्या तांब्याच्या खाणीच्या पार्कच्या गिफ्ट शॉपमध्ये बसते मी, इथले नियम मला तोंडपाठ आहेत. तांब्यावरचा काळा-हिरवा थर म्हणजे पॅटिना, पॅटिना म्हणजे इतिहास, इतिहास पुसायचा नाही. म्हणजे बघ, घरात भांडं काळं दिसलं तर बाई आळशी, आणि तेच तिकीट लावून ठेवलं तर हेरिटेज. — तू ट्रॉली आणलीयेस म्हणजे घंगाळ हॉलमध्ये न्यायला आलीस ना? मग थांब जरा. अर्धंच झालंय. ही बाजू बघ आणि ही बघ. असं अर्धवट घासलेलं भांडं मी चारचौघांत जाऊ देणार नाही. इकडे ये, ही कडी धर. दोन्ही हातांनी धर गं, जड आहे.

सर कुठेयत तुझे? — हां, माइक तपासतायत, ते येतंय ऐकू. 'कॅन यू हिअर मी ॲट द बॅक' — मागे अजून कोणी बसलेलंही नसेल, पण वर्गात शिकवायची सवय, जाते थोडीच. खाणीत माणसं उतरवायचं ते अवाढव्य मशीन आहे ना पलीकडच्या शेडमध्ये, त्याच्यासमोर खुर्च्या मांडल्यात म्हणून कालपासून खूश आहेत. विस्कॉन्सिन, मिनेसोटाची म्युझियमवाली माणसं येणार, त्यांच्यासमोर बोलायचं. टाय लावलाय. आमच्या ह्यांनी जन्मभर युनिव्हर्सिटीत मेटलर्जी शिकवली, पण मला विचारशील तर टाय लग्नाच्या रिसेप्शनला लावला होता आणि मग आजच. मलाच बांधायला लावला. — आणि मला सांग, त्या स्लाइडी तूच केल्यास ना? सगळ्या? फोटोसुद्धा तूच लावलेस, जूनमधला, जुलैमधला, सप्टेंबरमधला? ह्या फळीवरची बाकी सगळी भांडी महिन्यागणिक काळी पडत गेलेली — तो तुर्कांचा कॉफीचा चंबू, ती मेक्सिकोची कढई, ती फिनलंडवाल्यांची किटली — आणि मधोमध आमचं घंगाळ, लखलखीत, जसंच्या तसं. वरती मोठ्या अक्षरांत काय ते, न काळवंडणारं भांडं, इंग्लिशमध्ये. — बसलीस ना मटकन? बस. त्या बाकावर नको, तोही एक्झिबिट आहे. पायरीवर बस, कडी मात्र सोडू नकोस. हो. मीच. दर गुरुवारी, दुकान उघडायच्या आधी, तीन सीझन. लिंबू, मीठ, स्प्रेच्या बाटलीत पाणी, आणि शेवटी जुन्या सुती साडीचं फडकं. मार्लीन मला म्हणते, शरयू, ह्या खोलीत फरशी पुसायचं लिक्विड कुठलं वापरतात गं, काय छान लिंबाचा वास येतो. एवढी क्युरेटर बाई. — हसू येतंय तुला? हस. मलाही पहिल्या वर्षी यायचं.

तू कराडची ना? मग तुझ्या आजीकडे असेलच असं घंगाळ, आंघोळीचं पाणी काढायचं. हे पुण्याच्या तांबट आळीतलं. मठारलेलं आहे बघ, हातोडीने ठोकून ठोकून, एकेक ठोका दिसतो. आई स्वतः गेली होती आणायला, आणि तिथल्या माणसाने नाव घालायला घेतलं तेव्हा तो विचारतो, काय घालू, 'श्री. अमुकतमुक यांजकडून'? सगळे तेच घालायचे, भांड्यांवर नावं बापांचीच. आई म्हणाली, घाल — 'चि. शरयूस आईकडून'. आणि तो ठक्ठक् करून पुरं करेपर्यंत हलली नाही तिथून, म्हणाली मी वळले की हा मागून 'श्री.' घालेल. हे इथे, कडेला, बोट फिरव. — लागतंय ना हाताला? तुला वाचता आलं, इथे कोणाला येत नाही. त्या लेबलवर काय लिहिलंय वाच. 'डेकोरेटिव्ह बॉर्डर'. नक्षी. आणि त्याखाली, 'गिफ्ट ऑफ डॉक्टर जगन्नाथ खांबेटे'. मी ह्यांना म्हटलं, अहो, नक्षी काय, नाव आहे ते, माझं आणि आईचं, सांगा की त्या मार्लीनला. तर म्हणाले, पुढच्या वेळी लेबलं छापतील तेव्हा बघू. पुढची वेळ अजून यायचीये.

हे मी विमानाने आणलंय, आत साड्या भरून. ह्या गावात तेव्हा आपलं म्हणावं असं माणूस नव्हतं, चिंच कुठली मिळायला? व्हिनेगरने घासलं, केचपने घासलं — केचपने तांबं काय निघतं सांगू तुला, चिंचेने हात टेकावेत. दिवाळीला दोन्ही पोरांना आंघोळीचं पाणी ह्यातलंच, बाहेर बर्फ पडत असला तरी. दिवसभर हॉस्पिटलच्या फार्मसीत उभी राहायचे मी, पायाचे तुकडे पडायचे, पण रविवारी तांब्याची भांडी म्हणजे भांडी. आणि हे काय करायचे? डिपार्टमेंटच्या पिकनिकला त्यात बर्फ घालून कोकचे कॅन ठेवायचे आणि येईल त्याला सांगायचे, बघा, हे आमच्याकडचं तांबं. आमच्याकडचं. एकदा, अंतरा, एकदाही ह्या माणसाच्या डोक्यात आलं नाही की आपण धातूचे प्रोफेसर, तांबं हवेत काळं पडतं असं आपणच पोरांना फळ्यावर लिहून देतो, मग आपल्या हॉलमधलं का पडत नाही? त्यांना वाटायचं ते आपोआप. शर्टाला इस्त्री आपोआप, डब्यात पोळी आपोआप, सईच्या शाळेला बर्फामुळे सुट्टी, तो स्नो-डे कळायचा तोही आपोआप. — वळव जरा. अशी. आता ही खालची बाजू.

आता इथे कसं आलं ते विचारू नकोस. म्हणजे विचार, मी सांगतेच. हे रिटायर झाल्यावर मार्लीनने सगळ्या व्हॉलंटियर्सना विचारलं, 'जगभरातलं तांबं' असं दालन करतोय, कोणाकडे काही आहे का. झालं, ह्यांनी दुसऱ्या दिवशी गाडीत घालून आणून दिलं. मी कामावरून आले तर कोपरा रिकामा. फरशीवर नुसता गोल डाग. म्हणाले, अगं पडूनच तर होतं. पडून. — नाही, भांडले नाही मी. मी भांडले नाही असं सहसा होत नाही, पण तेव्हा ह्यांची अवस्था भांडण्यासारखी नव्हती. ते सांगते मग. नाही, ते नकोच सांगायला, तुझे सर आहेत ते. — तर मेमध्ये दालन उघडलं, आणि जूनपर्यंत घंगाळ तव्यासारखं झालं. तेव्हा डेट्रॉइटकडचं एक आपलं कुटुंब आलं होतं, आजीबिजी सगळे. मी मुद्दाम दुकान सोडून त्यांच्या मागे येऊन उभी राहिले, म्हटलं ऐकू तरी, आपलं भांडं बघून काय म्हणतात. त्या आजींनी चष्मा लावला, वाकून नाव वाचलं आणि सुनेला म्हणाल्या, कोण गं ही शरयू, आईने एवढं छान दिलं आणि बयेने काय काळंठिक्कर करून ठेवलंय. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. काय सांगणार होते मी त्यांना, पॅटिना? पुढच्या गुरुवारी घरून लिंबू घेऊनच निघाले.

आणि शुक्रवारी फार्मसीत ह्यांचा फोन. म्हटलं पडलेबिडले की काय. कारण तोवर ह्यांचा फोन कुठून यायचाच नाही — रिटायर झाल्यापासून हा माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायचा. समोरून रस्त्यावरचा बर्फ काढणारा स्नोप्लाउ गेला की तो बघायचा, मग तो परत यायची वाट बघायची. दाढी नाही, बोलणं नाही. मी डबा भरून ठेवून जायचे, संध्याकाळी तो तसाच. सई रेडमंडहून फोनवर ओरडायची, आई, ही इज डिप्रेस्ड, बाबांना डॉक्टरकडे ने — नेऊ कशी, उचलून? मीच ओढून आणून इथे व्हॉलंटियर म्हणून नाव घातलं, तर इथेही येऊन खुर्चीतच बसायचे. सबंध त्या वर्षात स्वतःहून एकदाच उठले, ते घंगाळ इथे आणून द्यायला. म्हणून नाही भांडले मी. कळलं? — आणि त्या शुक्रवारी फोनवर म्हणतात, शरयू, आपलं घंगाळ, अगं काळं झालं होतं ना, सगळं गेलं, आपोआप गेलं, तू येऊन बघ. असा आवाज मी सई झाली तेव्हा ऐकला होता. मी सांगणारच होते, अहो आपोआप कसलं, मी घासलं. अगदी ओठांवर होतं. पण काउंटरवर माणूस उभा होता, म्हटलं घरी जाऊन सांगू. घरी गेले तर दाढी केलेली. टेबलावर पुस्तकं काढलेली. जेवता जेवता बोलत होते, बोलतच होते, आमटी दोनदा घेतली. — मग कसं सांगायचं होतं मी? तू सांगितलं असतंस? अगं मी इतकी चिडले होते त्या आजींवर, ह्यांच्यावर, सगळ्यांवर, आणि तरी वाढत राहिले, आणि त्यांना बोलताना बघत राहिले, आणि मला रडूच येत होतं. — हे सगळं मी तुला का सांगतेय कोण जाणे. हात चालव, फडकं दे ते.

मग सुरू झालं संशोधन. ह्यांनी मार्लीनला विचारलं, भांडं कोणी साफ केलं का. ती म्हणाली, छे, सक्त मनाई आहे. गाइड लोकांना विचारलं, सफाईवाल्यांना विचारलं, शाळेची ट्रिप आली होती त्या टीचरला ई-मेल केलं. मला नाही विचारलं. एका ताटात नाही तरी एका टेबलावर जेवतो आम्ही, मला नाही विचारलं. शेवटी ठरलं — मठारताना इतके ठोके बसलेत की धातू दाबला जाऊन हवेला शिरायला जागाच उरली नाही, वरचा थर होता तो गळून पडला, आणि खालचा आता काळा पडणार नाही. हिवाळ्यात पार्क बंद असतं तेव्हा पडतं गं काळं, चांगलं पडतं, पण बघायला कोण असतं? मेमध्ये उघडायच्या आधी धूळ पुसायला व्हॉलंटियर लागतात, त्यात मी पहिला हात वर करते. — आणि मागच्या वर्षीची गंमत ऐक. त्या फिनलंडच्या किटलीची मला दया आली. कोणा खाणीतल्या माणसाच्या बायकोची असेल, नाव नाही गाव नाही, बापडी काळी पडत चाललेली. लिंबू उरलं होतं, म्हटलं जरा तळाला फिरवू. तेवढ्यात पावलं वाजली म्हणून ठेवून दिली. तर पंधरा दिवसांनी हे घरी येऊन सांगतात, आश्चर्य आहे, किटलीच्या बुडालाही तोच इफेक्ट दिसतोय, चुलीच्या उष्णतेने धातू बदललेला असणार. त्यावर सबंध स्लाइड आहे ना? — आहे ना. बघ. बरं झालं मी त्या कढईला हात लावला नाही, नाहीतर मेक्सिकोवर वेगळा पेपर निघाला असता.

तू म्हणशील, मग चालू दे ना काकू, कोणाचं काय बिघडतंय. मीही मनाशी तेच म्हणत आले. पण काल जेवताना ह्यांनी सांगितलं — उद्या भाषणाच्या शेवटी एक जाहीर करणार आहे, मार्लीनची परवानगी झालीये, घंगाळाच्या कडेचा नखाएवढा तुकडा कापून लॅबला पाठवायचा. आतला धातू बघायला. त्याचीही स्लाइड असेल तुझ्याकडे, लाल रेघ मारलेली. — कुठे मारलीये रेघ? नाही, तू बोट ठेवून दाखव. — हां. तिथेच. मी म्हटलं, अहो, बुडाचा कापा, कडीजवळचा कापा, हवा तेवढा कापा. तर नाही, म्हणे जिथे नाव कोरलंय तिथे धातूवर सगळ्यात जास्त घाव बसलेत, सायन्सच्या दृष्टीने तोच तुकडा हवा. आणि माझी समजूत घालायला म्हणतात, सबंध नाव नाही जात शरयू, दोनच अक्षरं जातात. कुठली दोन, वाच तूच. — हो. ती दोन. मग काय राहील? 'चि. शरयूस', मध्ये भोक, आणि 'कडून'. कोणाकडून? माझी आई हट्टाने तिथे बसून राहिली होती, बापाचं नाव नको म्हणून, सबंध आयुष्यात तिने स्वतःचं म्हणून कुठे काही लिहून घेतलं असेल तर ते हे. मी सरळ म्हटलं, नाही कापायचं. तर म्हणाले, सेंटिमेंटल होऊ नकोस, आणि आपण ते आता देऊन टाकलंय, आपलं राहिलंय कुठे. आपण. मी कधी दिलं?

आज मी घासायला आले नव्हते, खरं सांगते. काय करायला आले होते ते मलाच माहीत नाही. उचलून गाडीत घालावं असंही मनात आलं, पण एकटीला उचलत नाही. लिंबू पर्समध्ये असतंच. इथे येऊन उभी राहिले, बघितलं तर गुरुवारपासून जरा मंद झालेलं, आणि बाहेरगावची माणसं यायची, आणि हात आपोआप लिंबाकडे गेला. बघ, मीही आपोआपच म्हणायला लागले. ज्या चमकण्यापायी आईचं नाव कापायला निघालेत, तेच मी आणखी चमकवत बसलेय. ह्याला काय म्हणायचं? मूर्खपणा म्हणायचं. पण काळं भांडं लोकांपुढे जाऊ द्यायचं म्हणजे — नाही बाई, मला नाही जमत. मार खाईन पण ते नाही.

नाही नाही, तू नको सांगूस. तू सांगितलंस तर आधी म्हणतील फोटो तू चुकीचे लावलेस, मग मार्लीनला कळेल, मग तुझी इथली नोकरी आणि माझ्याकडची किल्ली दोन्ही जाईल. आणि मी आत्ता जाऊन कानात सांगू? टाय लावून माइकपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला? ते तिथल्या तिथे मिटतील. त्या सगळ्या म्युझियमवाल्यांसमोर हसं होईल, आणि उद्यापासून परत ती खुर्ची आणि तो स्नोप्लाउ. ते दिवस मी एकटीने काढलेत, अंतरा, मला ते परत नकोत. आणि गप्प बसले तर नाव जातं. मला आईचं नावही हवंय आणि हा माणूसही खुर्चीतून उठलेलाच हवाय. इतका राग येतो मला ह्यांचा, इतका येतो, की वाटतं सगळ्यांसमोर ते लिंबू ठेवावं त्यांच्या टेबलावर. आणि मग तो टाय आठवतो. गाठ बांधताना हनुवटी वर करून कसे उभे राहिले होते, शाळेत जाणाऱ्या पोरासारखे. — सुचव ना काहीतरी. इंजिनियर ना तू?

तुझा फोन वाजतोय. उचल. मार्लीनच असणार. सांग, येतोय म्हणावं, ट्रॉलीचं चाक अडकलं होतं. — सांगितलंस? बरं. पाणी मार इकडे. फडकं सुकं हवं, डाग राहतात नाहीतर. हं, झालं. बघ आता, कसं दिसतंय. आईने दिलं तेव्हा असंच होतं.

थांब. व्याख्यान झालं की प्रश्न विचारायला सांगतात ना? — नाही, शेवटी नाही चालणार, शेवटी उशीर होईल, एकदा जाहीर केलं की मागे घेणार नाहीत, मानी आहेत. ती लाल रेघेची स्लाइड येईल ना, ती लावून तू जरा थांब. लॅपटॉप हँग झाला असं दाखव, काहीही कर. तेवढ्यात मी हात वर करीन. ह्यांच्या किती व्याख्यानांना बसलेय मी, मागच्या रांगेत, चिवड्याचे डबे मांडीवर घेऊन, कधी हात वर केला नाही. आज पुढे बसणार. आणि मी मराठीत विचारणार. — हो, मराठीत. तिथे मराठी कळणारे तुम्ही दोघंच. अगं आम्ही जन्मभर तेच करत आलो, दुकानात, लोकांच्या पार्ट्यांत, समोरच्याला कळू नये असं काही असलं की मराठीत. मार्लीनला वाटेल म्हातारी नवऱ्याचं कौतुक करतेय, टाळ्यासुद्धा वाजवेल. तू मात्र चेहरा दगडासारखा ठेव. मी उभी राहीन आणि एवढंच विचारीन — अहो, आपल्या घरी हे घंगाळ घासत कोण होतं? बस. जास्त नाही. हुशार आहेत ते, तेवढ्यावरून पुढचं सगळं कळेल त्यांना. मग लोकांना काय सांगायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं. संशोधन अजून अपुरं आहे म्हणावं, तुकडा तूर्त नको म्हणावं, चांगलं बोलता येतं त्यांना, काढतील वेळ मारून. आणि घरी आल्यावर मला काय बोलायचं ते बोलोत, मी ऐकून घेईन. मीही थोडं बोलीन.

— काय म्हणालीस? नाही कळलं तर?

नाही कळलं, तर तोच प्रश्न इंग्लिशमध्ये विचारीन. ढकल ट्रॉली.